एकच नंबर, दोन मीटर

आधी नाव सांगतो: मीटरआबा. मदत केली ती त्यांनी. काय झालं ते मागाहून सांगतो. ही रीत माझी नाही, त्यांचीच. आबा म्हणायचे, "बोलायचं तर आधी कोणाशी ते, मग काय ते, आणि शेवटी बेरीज. बेरीज जुळली तर बोलणं पोचलं. नाही जुळली तर परत बोला."

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. आज घरापासून लांब, वाळवंटाच्या कडेला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात पायपांवरचे मीटर सांभाळतो. आसपास सगळे डिप्लोमावाले, डिग्रीवाले. कुणी साहेब नुसता माझ्याकडं बघून हसला तरी वाटतं, की हा आता दाखला मागतो का काय. मग आबा आठवतात आणि मी पुढचा मीटर वाचायला लागतो.

तर गोष्ट नव्वदीतली, इंदापूरच्या बाजूच्या एका साखर कारखान्याची. कारखान्याचं नाव घेत नाही. घेतलं तर तिथले दोन गट उठतील. एक म्हणेल आमच्याबद्दल का लिहिलं, दुसरा म्हणेल आमच्याबद्दल का नाही लिहिलं.

आबा तिथं इन्स्ट्रुमेंट खात्याचे प्रमुख. खातं म्हणजे आबा, आम्ही चार हंगामी माणसं आणि एक दार न लागणारं कपाट. आबा रोज बारामतीहून यष्टीनं यायचे. अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. हातात पिशवी, पिशवीत डबा, आणि डब्याशेजारी नातीच्या लोकरी टोपीत गुंडाळलेलं एक यंत्र. टीव्हीच्या रिमोटचा थोरला भाऊ वाटावा असं. दोन चिमटे तारेला लावायचे, बटणं दाबायची, की मीटर आपली सगळी माहिती त्याच्या पडद्यावर सांगायचा. थंडीत आबांच्या स्वतःच्या डोक्यावर टोपी नसायची. यंत्राच्या असायची.

मी नवा लागलो तेव्हा खात्यात माझ्याच नावाचे तिघं झालो. आबांनी हाक मारली की तिघं एकदम "ओ" द्यायचो आणि कुणाचंच धड ऐकू यायचं नाही. आबांनी दुसऱ्याच दिवशी तोडगा काढला. एक झाला कळंब, दुसरा झाला सोमेश्वर, आणि मी निरवांगी. ज्याचं गाव तेच त्याचं नाव. माझ्या आईबापानं ठेवलेलं नाव त्या कारखान्यात परत कुणी घेतलं नाही.

"आता हाक मारली की एकच जण बोलेल," आबा म्हणाले. "मीटरचंही असंच असतं. हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं."

मला त्या वेळी काहीच कळलं नव्हतं. आमच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं, बापाच्या हाती थोडा ऊस. मीटर म्हणजे मला फक्त रिक्षाचा माहीत. पण आबांच्या त्या तीन नावांवरून पुढचं समजत गेलं. पायपातून रस किती वाहतोय हे मोजतो तो फ्लो मीटर. कंट्रोल रूममधून तारेची एकच जोडी निघते आणि ओळीनं सगळ्या मीटरना गाठत जाते. गावात एकच फोन असावा आणि सगळ्या गावानं त्याला कान लावावा तसं. कॉम्प्युटर पुकारतो, 'एक नंबर, रस किती?' एक नंबरनं तेवढंच सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं आणि गप्प बसायचं. आपला नंबर पुकारला की बोलायचं, तेही विचारलं तेवढंच.

आबांना ही रीत इतकी आवडली होती की त्यांनी ती स्वतःला लावून घेतली होती. आधी ते असे नव्हते म्हणतात. मी पाहिले ते मात्र असेच. विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत, आणि विचारलं तर विचारलं तेवढंच. यष्टीत नवा कंडक्टर म्हणाला, "पास हाय का?" आबा म्हणाले, "आहे." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. कंडक्टर वाट बघून बघून म्हणाला, "मग दावा की, आबा!" आबांनी लगेच दाखवला. म्हणाले, "आत्ता विचारलंत."

मी धीर करून एकदा विचारलं, "आबा, असं का वो?"

"न विचारता बोलणारे या तालुक्यात पुष्कळ आहेत," आबा म्हणाले. "मी एक कमी."

आणि बेरीज. मीटरही बोलणं संपलं की शेवटी आकड्यांची बेरीज सांगतो, चूक पकडता यावी म्हणून. कँटीनवाल्यानं "काय देऊ?" म्हटलं की आबा सांगणार, "दोन चहा, एक खारी. जिन्नस तीन." त्यानं उलट "तीन" म्हटलं नाही, तर सगळी ऑर्डर पहिल्यापासून. लग्नाचं आमंत्रण आलं तर कळवणार, "मी, मंडळी, नात. जिन्नस तीन." माणसांनासुद्धा जिन्नस म्हणतात म्हणून मंडळी चिडायच्या. पण त्याच मंडळी रोज सकाळी दारात उभ्या राहून विचारायच्या, "डबा घेतला? चष्मा घेतला? यंत्राची टोपी घेतली?" न विचारावं तर आबा अनवाणीसुद्धा आले असते.

एकदा आमच्या निरवांगीच्या जत्रेला आबांना जेवायला बोलावलं. आईनं भाकरी, मटण आणि वर खर्डा वाढला. चौथ्या घासाला आबांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, कान लाल. आई घाबरून विचारते, "भाकर वाढू?" "नको." "रस्सा तिखट झाला का वो?" "झाला." "मग दही आणू?" "नको." तांब्या त्यांच्यासमोर दोन हातांवर. आबा तांब्याकडं बघतायत आणि ठसकतायत. शेवटी मी ओरडलो, "आबा, पाणी पायजे का?"

"पाहिजे," आबा म्हणाले आणि तांब्याच तोंडाला लावला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "असल्या माणसाला त्यांची बायकू जगवती कशी रं?"

आता त्या हंगामाचं सांगतो.

कारखान्यात मिली दोन. जुनी मिल जुन्या गटानं उभी केलेली. तो गट त्या वेळी व्हाइस चेअरमनकडं. नवी मिल नव्या गटानं आणलेली. तो गट चेअरमनचा. दोन्ही मिलींच्या रसाच्या पायपांवर एकेक नवाकोरा डिजिटल मीटर बसला. हंगाम सुरू करताना उसाची पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे येणार, चेअरमन बटण दाबणार आणि पडद्यावर दोन्ही मिलींचा रस दिसणार असं ठरलं.

चीफ इंजिनिअरनं मला बोलावून सांगितलं, "कार्यक्रम नीट झाला तर तुझं नाव कायममध्ये घालतो. बिघडला तर परत गेटवर दिसू नको."

हंगामी माणसाला कायम हा शब्द म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. माझं तर लग्न त्या एका शब्दावर अडलं होतं. कळंब गावची मुलगी, मला पसंत, तिलाही मी पसंत. तिचे वडील मात्र सरळ म्हणाले होते, "पावणं, कायम व्हा, मग सुपारी फोडू. हंगामी जावई घिऊन आमी काय उन्हाळ्यात त्याला मंडपात ठिवू?"

मीटर कंपनीतून येतात ते सगळे एक नंबर होऊनच येतात. तार जोडायच्या आधी एकेकाला वेगळं धरून, यंत्र लावून सांगावं लागतं, की तू दोन, तू तीन. आबांनी जुन्या मिलचा मीटर एकवर ठेवला आणि नव्याला दोन केलं. का, तर जुनी मिल आधीची. चीफनं हौसेनं पेंटरला बोलावून दोन्ही मीटरवर लाल रंगात हातभर आकडे काढून घेतले. ओळखू यावेत म्हणून.

ते फारच ओळखू आले. चेअरमननी फेरी मारताना बघितलं आणि त्याच दुपारी संचालकांची तातडीची बैठक लागली. विषय एकच, मीटरचा नंबर. आबांना बोलावणं आलं. यंत्र धरायला मी बरोबर. आम्ही दाराशी उभे.

"नवी मिल म्या आणली," चेअरमन म्हणाले. "कर्जासाठी मुंबईच्या वाऱ्या म्या केल्या. आन् तिला दोन नंबर? उद्या पावण्यांपुढं माझा मान कुठं ऱ्हायला?"

व्हाइस चेअरमन शांतपणे म्हणाले, "जुनी मिल हुबी ऱ्हायली तवा तुमी चड्डीत व्हता, साहेब. थोरली ती थोरलीच. गणपतीतबी मानाचा पहिला एकच आसतो."

"थोरली हाय तर खोकती का मग रोज? नवी हाय म्हणून कारखाना चाललाय!"

"खोकली तरी घराला आई लागती."

मग कुणी कुणाच्या मळ्यातून पाट नेला इथपासून ते कुणाच्या पुतण्याला गॅरेजमध्ये कसं लावलं इथपर्यंत सगळं निघालं. सगळे एकदम बोलत होते. कुणाचंच समजत नव्हतं. मी आबांकडं बघितलं. आबा त्या बैठकीकडं असे बघत होते, जसा डॉक्टर पुस्तकातला आजार समोर बघतो.

शेवटी एका वयस्कर संचालकांनी टेबलावर थाप मारली. "आरं, भांडता कशापायी? दोघींलाबी एकच नंबर द्या. दोघी मानाच्या. मिटलं!"

सगळ्यांना एकदम पटलं. चेअरमन वळले. "आबा, दोन्ही मीटरला एक नंबर देता येतो का?"

"येतो," आबा म्हणाले.

"बघा! माणूस कामाचा हाय, उगं फाटं फोडत न्हाय."

व्हाइस चेअरमनच्या मनात काही आलं असावं. ते म्हणाले, "आबा, पर एक नंबर दोघींला दिल्यावर त्ये..." विचारा, म्हटलं मनात, पुढचं विचारा. तेवढ्यात दार उघडून कांदाभजी आली. व्हाइस चेअरमन भज्यांकडं वळले ते वळलेच. ठराव एकमतानं पास झाला. त्या बोर्डाच्या इतिहासात एकमतानं झालेला तो पहिलाच ठराव, असं लोक सांगतात.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आबा, चालंल का हे?"

"नाही."

"न्हाय? मग काय हुईल?"

"एक नंबर पुकारला की दोघं एकदम बोलतील. कॉम्प्युटरला काही कळणार नाही."

"आवो, मग आत सांगायचं की!"

"विचारलं नाही," आबा म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. आबांचं एकच. त्यांना ठराव कळला होता, प्रश्न आला नव्हता. मी सांगायला गेलो असतो तर? हंगामी माणूस, आठवी, ठराव चुकला म्हणून सांगतोय. त्यांनी ते ऐकलं नसतं आणि मी तसा बोललोही नसतो. आबांनी यंत्राची टोपी काढली, यंत्र माझ्या हातात दिलं, आणि त्यांच्यासमोर मी बटणं दाबून नव्या मिलच्या मीटरला परत एक केलं. पेंटरनं दोनच्या आकड्यावर पांढरा हात मारला आणि वर एक काढला. आधीच्यापेक्षा वीतभर मोठा.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव, फेटे, सनई सगळं होतं. दोन्ही मीटरना हळदीकुंकू, झेंडूचे हार. नारळ नेमका मीटरच्या बोल्टावर फोडायला निघाले होते, तो मी आडवा हात घालून फरशीवर फोडवला. गव्हाणीत मोळी पडली, मिली फिरायला लागल्या, रसाचा वास सुटला. सगळे कंट्रोल रूममध्ये दाटले. पाहुणे पुढं, त्यांच्या दोन बाजूंना दोन गट, भिंतीशी मी, आणि दाराशी खांबाला टेकून आबा.

चेअरमननी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. पडद्यावर दोन चौकटी आल्या आणि दोन्हीत नुसत्या आडव्या रेघा.

"रस कुठंय?" पाहुण्यांनी विचारलं.

चेअरमननी परत बटण दाबलं. रेघा. चीफनं पडद्याच्या डोक्यावर, टीव्हीवर मारतात तशी, एक चापट मारली. रेघा. बाहेर कुणी न सांगितल्यामुळं सनई चालूच होती.

"खिडकीतून दिसतोय की वो रस, धो धो चाललाय!" एक संचालक म्हणाले. "मशीनला दिसंना व्हय?"

चेअरमनचा आवाज खाली आला. खाली आला की तो जास्त लागायचा. "मीटरला हात कुणी लावला होता?"

चीफनं क्षणभरही वेळ घेतला नाही. बोट सरळ माझ्याकडं. "ह्यानं, साहेब. हंगामी हाय. आठवी शिकलाय."

"आठवी? आन् लाखाच्या मीटरला हात लावायला दिला? काढा त्याला. आत्ताच्या आत्ता, गेटच्या भाईर."

वॉचमननं माझा दंड धरला. मला कळंबचं ते घर दिसलं, पडवीत बसलेले तिचे वडील दिसले. सगळे माझ्याकडं बघत होते आणि कुणीही काहीही विचारत नव्हतं. आबांना तर नाहीच.

"चेअरमनसाहेब."

आवाज दाराकडून आला. खरखरीत होता, बरेच दिवस न चालवलेला पंप सुरू व्हावा तसा. मी त्या माणसाबरोबर तीन हंगाम काढले होते आणि विचारल्याशिवाय निघालेला त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही.

"चेअरमनसाहेब," आबा परत म्हणाले. आधी कोणाशी ते. "दोन मीटरला एकच नंबर दिला, म्हणून दोन्ही एकदम बोलतायत. म्हणून पडद्याला कळत नाही. ठराव तुमचा, यंत्र माझं, बोटं या मुलाची. जिन्नस तीन. दोन लपवून एकावर बेरीज जुळायची नाही."

चीफनं माझ्याकडं रोखलेलं बोट खाली घेतलं.

पाहुणे हसायला लागले. पोट धरून हसले. मग दोन्ही गटांना हसावं लागलं. पाहुण्यांनी डोळे पुसत विचारलं, "बरं, मग आता काय करायचं?"

विचारलं होतं. आबा लगेच म्हणाले, "एकाचा नंबर बदलायचा."

चेअरमन चमकून म्हणाले, "दोन न्हाय हं!"

"दोनच पायजे का, आबा?" पाहुण्यांनी विचारलं.

"नाही. दोनशे सत्तेचाळीसपर्यंत कुठलाही चालतो."

चेअरमनचा चेहरा फुलला. ज्या माणसानं आयुष्यभर लग्नात आहेर केलेत त्याला अशा वेळी हिशेब सुचावा लागत नाही. "एकशे एक!" ते गरजले. "आमच्या मिलला एकशे एक द्या!"

मीच यंत्र लावलं. वॉचमन माझा दंड धरूनच होता. सोड असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकशे एक टाकलं. रेघा गेल्या, दोन्ही चौकटींत आकडे आले. टाळ्या, सनई, पेढे. फक्त व्हाइस चेअरमननी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते एक आणि एकशे एक या दोन आकड्यांकडं आळीपाळीनं बघत होते. पुढच्या हंगामाला जुन्या मिलनं एकशे एकावन्न मागून घेतला.

मी कायम झालो. सुपारी फुटली. आबांचं मात्र तिथून बिनसलं. पाहुण्यांपुढं ठराव उघडा पाडणं कुणी विसरलं नाही. आमच्याकडं माणसाला घरी बसवतानाही फेटा बांधतात. 'प्रकृतीची काळजी' म्हणून आबांना मुदतीआधी मोकळं केलं, त्याआधी मोठा सत्कार केला, शाल, श्रीफळ, हार. सगळ्यांची भाषणं झाली. आबांना कुणी दोन शब्द बोलायला सांगितलं नाही, आणि आबा बोलले नाहीत. जाताना यंत्र जमा केलं. टोपी माझ्या हातात दिली.

माझ्या लग्नाला आले होते. "मी, मंडळी, नात. जिन्नस तीन." पंगतीत मी स्वतः तांब्या घेऊन त्यांच्यामागं उभा होतो.

पुढं कारखान्याचे पगार रखडायला लागले आणि मी इकडं आलो. मुलाखतीला गोऱ्या साहेबानं दुभाष्यामार्फत विचारलं होतं, एकाच तारेवर दोन मीटर एका नंबरचे असले तर काय होतं? मी म्हणालो, साहेब, एकदा सनई वाजते आणि एक माणूस घरी बसतो. दुभाष्यानं काय सांगितलं कोण जाणे, नोकरी लागली. टोपी इथं माझ्या पेटीत आहे. इथं थंडी नाही, पण वाळूची धूळ बसू नये म्हणून यंत्राला घालतो. साहेबलोक हसतात. हसू देत.

मागच्या महिन्यात घरून कळलं की आबांच्या मंडळी गेल्या. नात लग्न होऊन सासरी. तेव्हापासून मला एकच लागून राहिलंय. सकाळी दारात उभं राहून आबांना आता कोण विचारत असेल? डबा, चष्मा? ते स्वतःहून तर सांगणार नाहीत. आयुष्यात एकदाच ते न विचारता बोलले, ते माझ्यासाठी. आणि इतक्या वर्षांत मीसुद्धा कधी विचारलं नाही, की आबा, तुम्हाला काय पाहिजे?

ते फेडायचं आहे. सुट्टी मिळाली की आधी बारामती, मग निरवांगी. तुमच्या दारात उभा राहीन आबा, तुमची हाक येईपर्यंत थांबणार नाही, मीच विचारीन. पहिला प्रश्न पाण्याचा. बाकीचे तुम्ही सांगाल तितके दिवस, रोज सकाळी.

येणार: मी, बायको, पोरगा, तांब्या. जिन्नस चार.